टचपॅड अडला, लॅपटॉप उठेना : फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून पाहा

दुकानावर लॅपटॉप घेऊन येणारा माणूस बॅगेची चेन उघडायच्या आधीच सांगतो, "भो, फॉरमॅट मारायचाय." झालंय काय ते नंतर. मग खोदून खोदून विचारलं की कळतं, स्क्रीनवरचा बाण अडतोय, नाहीतर आपोआप पळतोय, नाहीतर चालू व्हायला इतका टाईम लागतो की तोवर चहा पिऊन होतो. आता याच्यातली बरीचशी दुखणी सेटिंगची, चार्जरची नाहीतर बॅटरीची असतात, ती फॉरमॅटने, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकल्याने, जात नाहीत. उलट फॉरमॅट मारल्यावर टचपॅड पार बंदच पडला असेही लॅपटॉप येतात, ते का होतं ते पुढे ड्रायव्हरच्या (म्हणजे एखादा पार्ट विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) ठिकाणी सांगतो. आणि फॉरमॅटमध्ये पोराचं प्रोजेक्ट, केळीच्या गाड्यांचा हिशोब, लग्नाचे फोटो जे जातं ते वेगळंच.

तर पहिलं काम, हे होतं कधी ते बघायचं. चार्जर लावला की होतं का? माऊस जोडला की होतं का? रात्री शटडाऊन करून सकाळी चालू केला की होतं आणि रीस्टार्ट मारला की जातं का? अपडेट आल्यापासून होतंय की ऊन तापायला लागल्यापासून? खाली मी एकेक करून सांगतोय, तुमचं जे असेल तिथे थांबा, सगळं वाचायलाच पाहिजे असं काही नाही. सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

टचपॅड एकदम मेलाय, काहीच हलत नाही

सगळ्यात आधी कीबोर्डवर वरची एफवाली ओळ बघा. तिच्यात एका बटणावर छोटा चौकोन असतो, खाली दोन बारीक खाने, कधी त्याच्यावर बोट काढलेलं असतं कधी आडवी रेघ मारलेली असते. ते टचपॅड चालू-बंद करायचं बटण. एसरमध्ये बहुतेक एफ७ वर असतं, असूसच्या जुन्या मॉडेलमध्ये एफ९ वर, बाकीच्यांत कुठेही, म्हणून आकडा पाठ करू नका चित्र शोधा. ते बटण एकटं दाबून पाहा, नाही झालं तर एफएन धरून दाबा. घरात लहान पोरगं असेल आणि त्याने दुपारभर गेम खेळला असेल तर नव्वद टक्के गुन्हेगार हेच बटण, पोरगं काही कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी. एचपीच्या जुन्या लॅपटॉपात टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, तिथे दोनदा टकटक केलं की टचपॅड बंद होतो आणि परत दोनदा केलं की चालू, बंद असताना तिथे नारिंगी लाईट लागते. माणसाला माहीतच नसतं आणि तो बोट फिरवता फिरवता तिथे टकटक करून बसतो.

बटणाने नाही झालं तर सेटिंग. पण बाणच नाही तर सेटिंग उघडायची कशी? माऊस असेल तर लावा, नसेल तर कीबोर्डवर सगळं होतं. विंडोजचं बटण दाबा, काही न बघता इंग्रजीत टचपॅड टाईप करा, वर टचपॅड सेटिंग्ज येईल, एंटर. आता टॅब दाबत राहा, ज्याच्यावर आपण आहोत त्याच्याभोवती चौकट दिसते, चालू-बंदच्या बटणावर आलात की स्पेसबार दाबला की ते बदलतं. हाताने जायचं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, टचपॅड.

तिथेच एक टिकमार्क असतो, 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माऊस इज कनेक्टेड'. म्हणजे माऊस जोडला तरी टचपॅड चालू राहू दे. याची टिक काढलेली असली की माऊस लावल्या लावल्या टचपॅड झोपतो. यात खरी गंमत वायरलेस माऊसची आहे. माऊस कधीच हरवलेला असतो नाहीतर त्याचा सेल संपून तो ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, पण त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर यूएसबीच्या खाचेत तसाच अडकलेला, इतका आत बसलेला की बाजूने बोट फिरवलं तरच लागतो. लॅपटॉपला वाटतं माऊस जोडलेलाच आहे. रिसीव्हर उपटला की टचपॅड जिवंत. म्हणून दुकानावर लॅपटॉप आला की मी स्क्रीन बघायच्या आधी बाजूच्या खाचा बघतो.

बाण थरथरतो, पळतो, आपोआप क्लिक होतो

याच्यावर जरा वेळ घालवतो कारण आपल्याकडे हे खूप आहे आणि लोक उगाच टचपॅड बदलून घेतात.

टचपॅडच्या खाली बारीक तारांची जाळी असते आणि आपलं बोट जवळ आलं की तिथला विजेचा साठा किंचित बदलतो, त्या बदलावरून बोट कुठे आहे ते लॅपटॉप ओळखतो. दाब वगैरे काही मोजत नाही. आता लॅपटॉपचा चार्जर तीन पिनी का असतो? तिसरी जाडी पिन अर्थिंगची. चार्जरच्या आतल्या सर्किटमधून अगदी बारीक गळती करंट असतो, तो त्या पिनेतून जमिनीत जायला पाहिजे. घरात अर्थिंगच नसेल, किंवा आपण तीन पिनीला दोन पिनीचा कन्व्हर्टर लावून बोर्डात खुपसला असेल, तर तो करंट जाणार कुठे, तो लॅपटॉपच्या बॉडीवर राहतो आणि टचपॅडची मोजणी बिघडवतो. बाण थरथर कापतो, एका जागी बोट ठेवलं तरी हलतो, टॅप केलं एक तर उघडतं दुसरंच.

ओळखायचं कसं? सोपं आहे. बाण नाचत असताना चार्जरची वायर लॅपटॉपमधून काढा, बोट टचपॅडवर तसंच राहू द्या. वायर निघताक्षणी बाण शहाण्यासारखा चालायला लागला तर टचपॅड चांगला आहे, रोग भिंतीतल्या बोर्डात आहे नाहीतर चार्जरमध्ये. दुसरी खूण म्हणजे पत्र्याच्या बॉडीचा लॅपटॉप असेल तर चार्जिंग चालू असताना हाताची मागची बाजू हलकेच कडेवरून फिरवली की झिणझिण लागते, फरशीवर अनवाणी असलात तर जास्तच.

मग तोच लॅपटॉप तोच चार्जर घेऊन जिथे अर्थिंग पक्कं आहे अशा ठिकाणी, बँकेत असेल कॉलेजात असेल, लावून बघा. तिथे नीट चालला तर घरच्या वायरिंगचं काम आहे. तिथेही नाचला तर चार्जर बघा, खासकरून तो दोनशे-तीनशेत घेतलेला लोकल असेल तर. आणि अर्थिंग एकदा केलं म्हणजे झालं असं नसतं. आपल्याकडे जुन्या घरांत मळ्यातल्या खोल्यांत खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलेलं असतं, ते ओल असेपर्यंत चालतं. होळी झाली की जमीन कोरडीठाक, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तर भेगा पडतात, आणि बरोबर त्याच दिवसांत बाण नाचतो म्हणून लॅपटॉप यायला लागतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं हे वायरमन सांगून जातो, आपण विसरतो.

एक मात्र हात जोडून सांगतो. काही जण बोर्डातच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून देतात, 'झालं तुमचं अर्थिंग'. हे कुणालाही करू देऊ नका. कुठे न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर, फ्रीजवर, कूलरवर, करंट येऊ शकतो. कूलरचं तर सांगायलाच नको, पाणी आणि पत्रा. बाण नाचला तर नाचू द्या, चार्जर काढून बॅटरीवर काम करा, पण हा जुगाड नको.

चार्जर काढूनही नाचतोच असेल तर बोटं बघा. घामेजलेलं बोट, शेव खाल्लेलं तेलकट बोट, हातापायाला लावलेलं क्रीम, या सगळ्याने टचपॅड गोंधळतो, कारण ओल्या डागालाही तो बोटच समजतो. लॅपटॉप बंद करा, मऊ सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा, पुसा, कोरडं कापड फिरवा. पाणी शिंपडायचं नाही, थिनर, पेट्रोल तर अजिबात नाही. केळीच्या वखारीवर किंवा जिनिंगवर लॅपटॉप वापरत असाल तर चिकाचे डाग आणि रुईचे तंतू कडेच्या फटीत जाऊन बसतात, तिथे मऊ ब्रश फिरवा. टचपॅडवर कुणी फुलाफुलांचं जाड स्टिकर चिकटवून दिलं असेल तर काढून फेका, त्या स्टिकरचा काडीचा उपयोग नाही.

टाईप करता करता बाण मधेच उडून दुसऱ्या ओळीत जात असेल तर ते तळहाताचं काम आहे. टचपॅड सेटिंगमध्ये टॅप्स म्हणून भाग आहे, त्यात टचपॅड सेन्सिटिव्हिटी असते, मोस्ट सेन्सिटिव्हवरून मीडियम किंवा लो करा. तरीही त्रास असेल तर 'टॅप विथ अ सिंगल फिंगर टू सिंगल-क्लिक' ची टिक काढा, मग क्लिक करायला टचपॅड खाली दाबावा लागेल पण उगाच क्लिक होणार नाही. उलटी तक्रार असते, राईट क्लिक होत नाही. दोन बोटांनी एकदम टॅप करा, झालं. सगळ्याच सेटिंगचा विचका झाला असेल तर त्याच पानावर रीसेटचं बटण असतं.

टचपॅड वर आलाय, दाबला जात नाही

हा भाग खेळण्यावारी नेऊ नका. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय का? टचपॅडची एक कड वर उचललेली दिसते का, बाजूला नख शिरेल एवढी फट, क्लिक दाबला जात नाही किंवा दाबलेलाच राहतो, झाकण बंद केलं तर नीट बसत नाही? बऱ्याच लॅपटॉपात बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली असते, आणि ती फुगली की टचपॅडला खालून ढकलते. टचपॅडचा काही दोष नसतो बिचाऱ्याचा.

उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरायला ३५ अंशापर्यंतची हवा धरून चालतात, आणि आपल्या भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात पत्र्याची खोली, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवलेला म्हणजे खालची जाळी बंद, त्यात चार्जर दिवसरात्र लावलेला. बाईकच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या लॅपटॉपचं तर विचारू नका.

फुगलीये असं वाटलं की चार्जर काढा, शटडाऊन करा, टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका. टोचायचं नाही, स्क्रू उघडून कात्रीने ओढायचं नाही, लिथियमची बॅटरी फुटली की पेट घेते आणि पाण्याच्या बादलीने सहजी विझत नाही. घरात पडदे-कपडे नाहीत अशा जागी ठेवा आणि मॉडेल नंबर पाहून बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, जिथे बदलली तिथेच द्या.

नवीन बॅटरी टिकवायची असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय बऱ्याच कंपन्यांनी दिलेली असते, लेनोवोत व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्वेशन मोड, असूसमध्ये मायअसूस ॲपमध्ये बॅटरी केअर, बाकीच्यांत त्यांच्या ॲपमध्ये नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. जे लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतात, ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानातले वगैरे, त्यांनी हे आजच चालू करावं.

अपडेटनंतर किंवा फॉरमॅटनंतर गेला

विंडोज आणि एक्स एकदम दाबा, मग एम. डिव्हाईस मॅनेजर उघडतो. 'माईस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' किंवा 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस' उघडून बघा, टचपॅड या दोनपैकी एकात असतो. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा घोळ. टचपॅडच्या चिन्हावर खाली तोंड केलेला बारीक बाण असेल तर टचपॅड डिसेबल केलेला आहे, राईट क्लिक करून इनेबल करा. अपडेट आल्यापासूनच सुरू झालं असेल तर प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे मागचा ड्रायव्हर परत येतो, पण ते बटण फिकट असेल तर मागचा शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल डिव्हाईस करून रीस्टार्ट करा, विंडोज स्वतः शोधून परत बसवतं. हे करण्याआधी माऊस जवळ ठेवा, नाहीतर अनइन्स्टॉल केल्यावर रीस्टार्ट दाबायला बाणच नाही.

आता फॉरमॅटवाली गोष्ट. नव्या लॅपटॉपात टचपॅड प्रोसेसरशी थेट एका बारीक लाईनवरून बोलतो, तिला आय-टू-सी म्हणतात, आणि इंटेलच्या लॅपटॉपात ती लाईन चालायला सीरियल आयओ नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. पेनड्राईव्हवरून कोरं विंडोज टाकलं की हा ड्रायव्हर कधीकधी येतच नाही, मग टचपॅड डिव्हाईस मॅनेजरमध्ये दिसतसुद्धा नाही आणि माणूस म्हणतो पार्ट उडाला. पार्ट ठणठणीत असतो. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर सपोर्टमध्ये टाका, तुमच्याच मॉडेलचे ड्रायव्हर येतात, आधी चिपसेट, मग सीरियल आयओ, मग टचपॅड, आणि रीस्टार्ट. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका, ती नको ते ड्रायव्हर घालतात आणि वर स्वतः स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

एवढं करूनही दिसत नसेल तर बायोस. लॅपटॉप चालू होताना एफ२ दाबत राहा, एचपीत एफ१०. तिथे टचपॅड किंवा इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाईस इनेबल आहे का बघा. एसरच्या काही मॉडेलांत टचपॅड बेसिक की ॲडव्हान्स्ड असं विचारतं, विंडोजला दिसत नसेल तर दुसरं करून पाहा. थांबा, बायोसमध्ये शिरायच्या आधी एक गोष्ट. नवीन लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या अकाऊंटने लॉगिन केलेला असेल तर डिस्क बऱ्याचदा आपोआप लॉक केलेली असते, त्याला बिटलॉकर म्हणतात, आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा बूट मोडला हात लावला की पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतो. ती की त्याच अकाऊंटमध्ये साठवलेली असते, मोबाईलवर लॉगिन करून ती आधीच बघून वहीत लिहून ठेवा. अकाऊंट कुणाच्या मेलने काढलंय हेच घरात कुणाला आठवत नाही, आणि मग डेटा गेला. यात दुकानदाराच्याही हातात काही राहत नाही.

शटडाऊन केलं म्हणजे बंद झालं असं नाही

आता स्टार्टअपकडे येऊ, आणि इथेच टचपॅडशी नातं लागतं. सकाळी चालू केला की टचपॅड अडतो, रीस्टार्ट मारला की नीट, असं असेल तर हे वाचाच.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. आपण शटडाऊन करतो तेव्हा आपली ॲप बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवर उतरवून ठेवले जातात, सकाळी तेच परत उचलले जातात. दुकानाचं शटर ओढलं पण आतला पसारा तसाच, असा प्रकार. त्यामुळे काल संध्याकाळी टचपॅडचा ड्रायव्हर अडकला असेल तर आज सकाळी तो अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. खरं वाटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली 'अप टाईम' वाचा. रोज शटडाऊन करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपात तिथे पंधरा-वीस दिवस दिसतात.

बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केल्याशिवाय खालचं फिकट असतं, ते करा आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची टिक काढून सेव्ह. एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) असलेल्या लॅपटॉपात याने चालू व्हायला दोन-चार सेकंदांचा फरक पडतो, काढून टाकलेलं बरं. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर राहू द्या आणि आठवड्यातून एकदोनदा रीस्टार्ट मारत जा. किंवा शिफ्ट धरून शटडाऊनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

स्टार्टअपमधलं काय काढायचं, काय नाही

त्याच टास्क मॅनेजरमध्ये विंडोज १० ला स्टार्टअप टॅब, ११ ला स्टार्टअप ॲप्स. लॅपटॉप चालू झाल्याबरोबर जे जे उठतं त्याची यादी तिथे आहे, समोर स्टार्टअप इम्पॅक्ट लिहिलेला असतो, हाय, मीडियम, लो. हायवाले आधी बघा. टीम्स, स्काईपची जुनी उरलीसुरली नोंद, गाण्यांची ॲप, गेमचे लाँचर, टोरेंट, प्रिंटरची शाई संपली सांगणारी, मोबाईल जोडायची, यांना राईट क्लिक करून डिसेबल. डिसेबल म्हणजे ॲप उडत नाही, फक्त न बोलावता येत नाही, तुम्ही उघडलं की चालतंच.

पण व्हिडिओ बघून सगळ्यालाच सरसकट डिसेबल मारत सुटू नका. यादीत सिनॅप्टिक्स, इलान किंवा आल्प्स नावाचं काही दिसलं, 'ईटीडी कंट्रोल सेंटर' असंही नाव असतं, तर हात लावू नका. हे टचपॅडचंच सॉफ्टवेअर आहे. जुन्या लॅपटॉपांत दोन बोटांनी सरकवणं, टॅप करणं हे सगळं तेच सांभाळतं, ते बंद केलं की बाण तर हलतो पण पान वरखाली होत नाही. मग माणूस टचपॅड खराब म्हणून येतो आणि आधी विचारलं तर 'मी काही नाही केलं भो'. साऊंडचं रियलटेक, विंडोज सिक्युरिटी हेही राहू द्या. वनड्राईव्ह तुमच्यावर आहे, वापरत असाल तर ठेवा.

एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कसं चालू व्हावं ते ठरवायची खिडकी, तिच्याबद्दल एक. बूट टॅब, ॲडव्हान्स्ड, तिथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' ला टिक करून सगळ्यात मोठा आकडा निवडा म्हणजे लॅपटॉप रॉकेट होतो, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. काही होत नाही. टिक नसली तरी विंडोज सगळे प्रोसेसर वापरतंच, ती जागा कमी करून तपासणी करायला दिलेली आहे, आकडा चुकून कमी निवडला तर उलट लॅपटॉप लंगडतो. आणि तिथेच सेफ बूटची टिक केली तर ती काढेपर्यंत लॅपटॉप दर वेळी सेफ मोडमध्येच, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर, उठणार, तिथे टचपॅड चालेलच असं नाही आणि पिनही कधीकधी चालत नाही, पासवर्ड लागतो. सेफ मोड पाहिजेच असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा. एकदाच जातो, पुढच्या वेळी आपला नेहमीसारखा. विंडोजपर्यंत पोचतच नसेल तर चालू होताना लोगो दिसला की पॉवर बटण धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की रिपेअरची स्क्रीन आपोआप येते.

'नो बूटेबल डिव्हाईस' आलं की घाबरायच्या आधी पेनड्राईव्ह काढा, कार्ड काढा. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं त्या यादीत, यूएसबी वर असेल तर लॅपटॉप त्या पेनड्राईव्हमध्ये विंडोज शोधत बसतो. चालू केल्यावर दर वेळी तारीख चुकीची येत असेल तर मदरबोर्डवरचा बटणसेल संपलाय, बऱ्याच मॉडेलांत सीआर२०३२ असतो, स्वस्तात मिळतो. घरातली लाईट जाऊन-येऊन लॅपटॉप ठप्प झाला, लॅपटॉपचा बारीक दिवा लागतो पण स्क्रीन काळी, तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. नुसत्या एवढ्यानेही बरेच उठतात.

आणि स्पष्टच बोलायचं तर २०१५-१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, त्यावर विंडोज १०, त्याचं स्टार्टअप कितीही साफ करा तो दोन-तीन मिनिटं घेणारच. तिथे एसएसडी घाला, दुसरा इलाज नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा त्या लॅपटॉपवर बँकेचं काम करत असाल तर त्याचाही विचार आताच करा.

दुकानात न्यायचीच वेळ आली तर, मग जळगावला गोलाणी मार्केटात न्या की गावातल्याच माणसाकडे, चार्जर सोबत न्या, तोच, घरातला. त्याच्याशिवाय बाण का नाचतो ते कळत नाही. लॉगिनचा पासवर्ड माहीत असलेला माणूस सोबत असू द्या, वायरलेस माऊसचा रिसीव्हर खाचेत आहे तसाच राहू द्या, आणि आल्या आल्या फॉरमॅट म्हणण्याऐवजी 'चार्जर लावला की होतं' किंवा 'सकाळीच होतं' एवढं सांगा, निम्मा वेळ वाचतो, आणि पैसेही.